कासव सतत काच खरवडतंय, खात नाही, बाहेर पडायला बघतंय? नवीन फिल्टर आणायच्या आधी हे वाचा

संक्रांत उलटली की ओळखीतल्या कासववाल्यांचे मला फोन सुरू होतात आणि सगळ्यांचं गाऱ्हाणं एकच. कासव दोन-तीन आठवडे झाले शांत बसत नाही, दिवसभर काचेवर चढायला बघतं, पाणी ढवळून काढतं, दगडावर चढतं की लगेच उतरतं, रात्री अडीचला धाडकन पाण्यात पडल्याचा आवाज येतो, आणि ज्या पेलेट्सवर (कासवाचं तयार गोळ्यांचं खाणं) तुटून पडायचं त्यांच्याकडे ढुंकून बघत नाही. पाणी बदललं, फिल्टर धुतला, मोठा फिल्टर आणला, हीटर आणला, काही फरक नाही. आणि शेवटी हमखास एक वाक्य येतं, "गेल्या वर्षी पण असंच केलं होतं, मग आपोआप बरं झालं."

त्या "आपोआप"मध्येच सगळी गोम आहे. मी स्वतः तीन वर्षं हाच घोळ घातलाय म्हणून एकदाच सविस्तर लिहून ठेवतेय, म्हणजे पुढच्या वेळी लिंक टाकता येईल.

घाईत असाल तर आधी उत्तर घ्या. कासव मादी असेल आणि पाठ पंधरा सेंटीमीटरच्या पुढे गेली असेल तर पहिला संशय एकच घ्यायचा, की हिला अंडी घालायचीत आणि माती सापडत नाहीये. घरात नर असो वा नसो. बाकीची कारणं त्यानंतर.

आता सावकाश. आमचं कासव म्हणजे लाल कानाचं स्लायडर, डोळ्यामागे लाल पट्टा असतो ते, पेट शॉपमध्ये दहाच्या नाण्यापेक्षा जरासं मोठं हिरवंगार पिल्लू मिळतं तेच. मुळचं अमेरिकेतल्या मिसिसिपी खोऱ्याकडचं. आम्ही २०१५ साली आणलं आणि दुकानदाराने छातीठोकपणे सांगितलं "नर आहे ताई, मोठं होत नाही", दोन्ही थापा. नाव ठेवलं बंड्या. बंड्याची पाठ आता बावीस सेंटीमीटर आहे आणि ती मादी आहे, पण नाव कोण बदलतंय, त्यामुळे आमच्याकडे "बंड्या आली", "बंड्या रुसलीये" असं व्याकरण चालतं.

नर-मादी ओळखणं अवघड नाही, फक्त पिल्लू असताना काही कळत नाही, हाताएवढं झालं की कळतं. नराची पुढच्या पायांची नखं चांगली लांबलचक असतात, शेपूट लांब आणि बुडाशी जाड, आणि शेपटीखालचं भोक पाठीच्या कडेच्या बाहेर गेलेलं असतं. मादीची नखं आखूड, शेपूट बारीक आणि छोटी, भोक अंगाजवळ. आकाराने मादी मोठी, पंचवीस-तीस सेंटीमीटरपर्यंत जाते, नर बराच लहान राहतो. म्हणजे तुमचं "नर" कासव जेवणाच्या ताटाएवढं झालं असेल तर जरा उलटं करून बघाच (पटकन बघून सरळ करा, उलटं ठेवून फोटोसेशन नको).

पहिल्या वर्षी काय झालं तर फेब्रुवारीत बंड्याने हे काचेचं नाटक सुरू केलं. मला वाटलं पाणी खराब. अर्धं पाणी बदललं, मग सगळंच बदललं, मग क्लोरीन काढायचं औषध टाकलं, मग नवा फिल्टर. टँक लहान पडतोय म्हणून नवऱ्याने मोठा टँक आणला, (तो तसा लागणारच होता, तेव्हा ते पैसे वाया गेले असं म्हणत नाही). बंड्या तशीच. एक दिवस सकाळी पाण्यावर पांढरट चामड्यासारखं काहीतरी तरंगत होतं आणि पाण्याला असा वास की विचारू नका. मला वाटलं फिल्टरचा स्पंज फाटला. ते अंड्याचं टरफल होतं, आतलं बंड्याने खाऊन टाकलेलं. पुढच्या दोन दिवसांत ती शांत झाली, खायला लागली, आणि मी नव्या फिल्टरचं कौतुक करत बसले. "आपोआप बरं झालं" ते हे असं होतं.

घरात कुणालाच अंड्याचं डोक्यात आलं नाही कारण नर नाही तर अंडी कुठून, हा प्रश्न. पण पोल्ट्रीतल्या कोंबडीचं काय असतं, तिथे कुठे कोंबडा असतो? तसंच हे. मादी वयात आली की नराशिवायही अंडी तयार होतात, त्यातून पिल्लू निघत नाही एवढंच. आणि पूर्वी कधी नराबरोबर राहिलेली असेल तर अजून एक गंमत, नराचं बीज मादी अंगात साठवून ठेवू शकते, त्यामुळे नर गेल्यावर वर्ष-दोन वर्षांनीही फळलेली अंडी निघू शकतात. पाळलेली मादी तीन-चार वर्षांत वयात येऊ शकते, वय बघण्यापेक्षा आकार बघा.

दुसऱ्या वर्षी मात्र अंगावर आलं. पुन्हा फेब्रुवारी, पुन्हा तेच, मी पुन्हा पाणीच बदलतेय. तीन आठवडे धिंगाणा घातल्यावर बंड्या एकदम गप्प झाली आणि मी म्हटलं सुटलो. दोन दिवसांनी लक्षात आलं की ही शांत नाहीये, ही गळून गेलीये. दगडावर मान टाकून पडलेली, मागचे पाय ओढल्यासारखे टाकतेय, मधूनच शेपूट उचलून कळ दिल्यासारखं करते. जवळच्या कुत्र्या-मांजरांच्या डॉक्टरकडे नेलं तर त्यांनी व्हिटॅमिनचे थेंब दिले, आणखी दोन दिवस गेले. मग एक्झॉटिक प्राणी बघणाऱ्या डॉक्टरांकडे गेलो, त्यांनी आधी एक्स-रे काढला, आणि त्यात पोटात नऊ अंडी ओळीने मांडल्यासारखी स्वच्छ दिसत होती. अंडी अडकली होती. कॅल्शियम दिलं, मग कळा आणणारं ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन, कोमट पाण्यात ठेवली, आणि रात्रीपर्यंत सात आली, दुसऱ्या दिवशी दोन. डॉक्टर मला म्हणाल्या, "माती दिली होती का?" मी म्हटलं कसली माती. त्यांनी नुसतं बघितलं.

तर माती. कासव पाण्यात राहतं, पाण्यात खातं, नर-मादी जमतात तेही पाण्यात, पण अंडी पाण्यात घालत नाही, त्यासाठी तिला जमीनच लागते. वेळासला ऑलिव्ह रिडले बघायला गेला असाल तर डोळ्यासमोर आणा, समुद्रातलं एवढं मोठं कासव अंड्यांसाठी वाळूत येऊन मागच्या पायांनी खड्डा करतं आणि परत जातं. आपल्या टँकमधल्या मादीची गरज तीच, फक्त तिच्या चारी बाजूंना काच आहे. ती काचेवर चढते ते चिडून नाही की कंटाळून नाही, ती जागा शोधतेय. जंगलात असती तर पाण्यातून निघून बरीच लांब चालत गेली असती, दोन-तीन ठिकाणी नाक लावून वास घेतला असता, उकरून बघितलं असतं, नाही आवडलं तर पुढे. जागा मिळाली नाही की ती अंडी धरून ठेवते. काही जणी शेवटी नाइलाजाने पाण्यात सोडतात, काही जणींची अडकतात.

आता तुमच्या कासवाचं हेच आहे का दुसरं काही, हे कसं ओळखायचं. सगळ्यात सोपी गोष्ट, मोबाईल टँकसमोर उभा करून टाइमलॅप्स लावा आणि घराबाहेर जा. कारण कासवं भिकारी असतात हो, माणूस दिसला की काचेवर नाचायचं हे त्यांना पक्कं जमतं, आणि आपण समजतो दिवसभर असंच चाललंय. माणूस नसताना शांत बसत असेल आणि खायला घातल्यावर गप्प होत असेल तर ती भूक किंवा सवय आहे, विषय संपला. माणूस नसतानाही फेऱ्या चालू, खाणं कमी किंवा बंद, ऊन खायच्या जागेवर वारंवार चढ-उतार, आणि मुख्य म्हणजे मागचे पाय एकाआड एक मागे ओढून उकरल्यासारखं करणं, मग ते काचेवर असो, दगडावर असो की बाहेर काढल्यावर फरशीवर असो, हे दिसलं तर अंड्यांचंच आहे असं धरून चाला. पुढच्या पायांनी काच खरवडणं म्हणजे "बाहेर सोड", मागच्या पायांनी उकरणं म्हणजे "माती दे". हा फरक मला आधी कुणी सांगितला असता तर दोन वर्षं वाचली असती.

मागच्या पायाच्या पुढे मऊ खळगा असतो तिथे बोट घातलं की कधीकधी अंडी हाताला लागतात, पण हे घरी करू नका. दाबून आत अंडं फुटलं तर पोटात संसर्ग होतो आणि ते अंडी अडकण्यापेक्षा वाईट. एक्स-रे काढा, खात्री होते, किती आहेत तेही कळतं, मोजून घेतलेलं पुढे उपयोगी पडतं.

बाकीची कारणं पटापट. टँक लहान असणं हे खरंच मोठं कारण आहे, ढोबळ हिशेब असा की पाठीच्या दर सेंटीमीटरमागे पंधरा लिटर पाणी, म्हणजे वीस सेंटीमीटरच्या कासवाला तीनशे लिटर, आपण ठेवतो बादलीत. पण लहान टँकची अस्वस्थता बाराही महिने असते, ठरावीक महिन्यात उगवून मावळत नाही. नवीन टँकमध्ये टाकल्यावर काही दिवस काचेला धडका मारणं नेहमीचंच, आणि काचेत स्वतःचं प्रतिबिंब दिसत असेल तर मागच्या आणि बाजूच्या काचांना बाहेरून कागद चिकटवा. नर बरोबर ठेवला असेल तर तो मादीच्या तोंडासमोर येऊन ती लांब नखं थरथरवतो, चावतो, तिला उसंत देत नाही, तिथे वेगळं करणं हाच उपाय. पाणी २४ ते २७ डिग्री आणि ऊन खायची जागा ३२ ते ३५ एवढं साधारण पाहिजे. विदर्भ-मराठवाड्यात मे महिन्यात खिडकीतला टँक अक्षरशः उकळतो आणि कासव बाहेर पडायला बघतं ते जीव वाचवायला, तिथे माती देऊन उपयोग नाही, टँक हलवा. थंडीत उलट होतं, नाशिकला डिसेंबरात हीटर नसेल तर कासव सुस्त पडेल आणि खाणं सोडेल पण धिंगाणा घालणार नाही. अमोनिया आणि नायट्राइट टेस्ट किटने बघा, दोन्ही शून्य पाहिजे, शून्य असेल तर पाण्याचा पिच्छा सोडा.

आता माती कशी द्यायची, कारण तिसऱ्या वर्षी मी माती दिली आणि तरी फसले.

मी केलं काय तर एका पसरट ट्रेमध्ये चार बोटं कोरडी वाळू टाकून बंड्याला त्यात ठेवलं. तिने दोन पाय मारले, खड्ड्याच्या कडा ढासळल्या, परत मारले, परत ढासळल्या, आणि ती ट्रेमधून उतरून कपाटाखाली गेली. बरोबरच आहे. मादी मागच्या पायांनी सुरईसारखा खड्डा करते, वर तोंड अरुंद आणि खाली पोट मोठं, आणि पाय जिथवर पोचतो तिथवर खोल. कोरड्या वाळूत सुरई कशी टिकणार? माती ओलसर पाहिजे आणि खोल पाहिजे. ओलाव्याची परीक्षा अशी की मूठभर माती घेऊन लाडू वळायचा, लाडू वळला पाहिजे आणि बोटाने टोचलं तर तुकडे होऊन फुटला पाहिजे. हातातून पाणी गळलं तर जास्त झालं. ती स्वतःही उकरताना मागून पाणी सोडून माती भिजवते, ते बघून घाबरू नका, शू नाही ती, म्हणजे असेलही थोडी, पण कामाची आहे.

मिश्रण मी अर्धी लाल माती आणि अर्धी बारीक वाळू घेते. वाळू चाळून दोन-तीन पाण्यांनी धुवून घ्यायची, क्रशसँडमध्ये (दगड फोडून केलेल्या वाळूत) पिठासारखी धूळ असते आणि खडे टोचरे असतात, ती टाळा. काळी माती नको, ओली असताना पायाला चिकटून गोळा होतो आणि सुकली की तडे. नर्सरीत "तयार माती" मागितली तर त्यात शेणखत, गांडूळखत, निंबोळी पेंड असं काय काय घातलेलं असतं, म्हणून नुसती लाल माती मागून घ्या, खत न घातलेली. वजन फार होतंय असं वाटलं तर थोडं भिजवलेलं कोकोपीट मिसळता येतं पण सगळं कोकोपीट नको, त्यातही कडा धरत नाहीत.

टबचं म्हणाल तर ती आत सहज गोल फिरली पाहिजे, म्हणजे तिच्या लांबीच्या तिप्पट लांब आणि दुप्पट रुंद तरी हवा. आमचा अडीच फूट बाय पावणेदोन फुटांचा प्लास्टिकचा आहे. मातीचा थर पंचवीस-तीस सेंटीमीटर. त्याच्यावर अजून एक-दीड फूट उंच भिंत पाहिजे, आणि ती आरपार दिसणारी नको, कारण पलीकडचं दिसलं की ती खणायचं सोडून पलीकडे जायला बघते. आमच्याकडे जुना पुठ्ठा आणि गोणपाट बांधलंय, दिसायला भयानक आहे. हो आणि टब जिथे ठेवायचा तिथेच नेऊन भरा, मी हॉलमध्ये भरला आणि मग कळलं की हे धूड शंभर किलोच्या वर गेलंय, शेजारच्या काकांना बोलवावं लागलं, आणि त्यांना कशासाठी हे समजावून सांगण्यात चहा दोनदा झाला.

गॅलरीत ठेवत असाल तर कावळे, मांजर, आणि सगळ्यात मुख्य म्हणजे कठडा. कासव चढत नाही असं ज्यांना वाटतं त्यांनी अंड्यावर आलेली मादी बघितलेली नाही. जाळी असली तरी खालची फट बघा, ती तिथूनच जाणार. दुपारचं ऊन थेट टबावर येत असेल तर जागा बदला. घरात ठेवलात तर एका कोपऱ्यावर साठ वॅटचा बल्ब उंचावर लावा, माती जरा उबदार राहील, २६ ते ३० डिग्रीच्या मध्ये.

मग बंड्याला टबात सोडायचं आणि निघून जायचं. हे सगळ्यात अवघड. आपण चार जणं भोवती वाकून उभे राहिलो आणि मुलं मोबाईल घेऊन आली की ती खणायचं थांबवते, आणि एकदा थांबली की त्या दिवशी नाही. मी पहाटे साडेपाचला नाहीतर संध्याकाळी सोडते, दोन-तीन तास ठेवते, काही झालं नाही तर परत टँकमध्ये, दुसऱ्या दिवशी परत. पहिल्या दिवशी ती बहुतेक नुसती भिंतीकडेने फेऱ्या मारेल. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी एक-दोन खड्डे करून सोडून देईल, ते तसं असतंच, पसंत पडेपर्यंत ती खोटे खड्डे करते. ज्या दिवशी खरं ठरतं त्या दिवशी ती एका जागी पाय रोवते आणि मग भूकंप आला तरी हलत नाही, पुढचे पाय स्थिर, मागचे एकेक करून आत जातात आणि मूठ भरल्यासारखी माती वर आणून बाजूला ठेवतात, ते इतकं नाजूक काम आहे की मी दाराच्या फटीतून बघत अर्धा तास उभी होते आणि कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहून गेल्या. अंडी सोडल्यावर ती त्याच पायांनी माती परत लोटते, पोटाने दाबून सारखी करते, आणि वळूनही न बघता निघते. आपल्या संतांनी कासवी नुसत्या नजरेने पिल्लांना पोसते म्हणून केवढं गायलंय, आणि ही बाई एकदा मागे वळून बघायला तयार नाही.

एका खेपेला अंडी किती याला धरबंध नाही, चारही निघतात आणि वीसही, लांबट असतात, साधारण तीन-चार सेंटीमीटरची. एक्स-रेमध्ये मोजली असतील तर उकरून मोजून घ्या, आकडा जुळला की जीव भांड्यात पडतो. न जुळला तर दोन-तीन दिवस टब चालू ठेवा आणि डॉक्टरांना कळवा.

डॉक्टरकडे कधी पळायचं हे नीट वाचा. मादी तरतरीत आहे, फिरतेय, डोळे उघडे, नुसतं खात नाहीये, तर माती द्या आणि वाट बघा, असं काही दिवस चालतं. पण इतके दिवस धिंगाणा घालणारी अचानक मलूल झाली, मागचे पाय लुळे पडले, कळा देतेय आणि येत काही नाही, मागून रक्त किंवा घाण वासाचं काही येतंय, किंवा गुलाबी मांसासारखं काही बाहेर लोंबतंय, एक-दोन अंडी आली आणि मग बंद, यातलं एकही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर, सकाळपर्यंत थांबायचं नाही. लोंबत असेल तर ओल्या स्वच्छ फडक्यात ठेवून न्या, सुकू देऊ नका. आणि ऑक्सिटोसिन कुणी एक्स-रे न काढता टोचायला निघालं तर थांबवा, अंडं मोठं किंवा वेडंवाकडं असून रस्ता अडलेला असेल तर कळा आणून नुकसानच होतं, तिथे ऑपरेशन लागतं. दरवर्षी अडकत असतील तर मागच्या पायापुढच्या त्याच मऊ जागेतून अंडाशय काढायची शस्त्रक्रिया होते, पण ती कासवांचा हात बसलेल्या डॉक्टरकडेच.

अडकण्याचं मातीखालोखाल कारण म्हणजे कॅल्शियम. टरफलाला लागणारं कॅल्शियम खाण्यातून आलं नाही तर अंगातून जातं, आणि कळा द्यायला स्नायूंनाही तेच लागतं. आपल्याकडे कासवाला काय घालतात, सुका जवळा, भात, पोळीचा तुकडा. पोळी-भात बंदच करा, जवळा कधीतरी तोंडी लावण्यापुरता. मोठ्या कासवाला चांगली पेलेट्स थोडी आणि पाला जास्त, शेवग्याचा पाला, लेट्यूस, गाजराचा कीस. पालक रोज नको, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम धरून ठेवतं. आणि समुद्रफेस, म्हणजे कटलफिशचं हाड, काष्ठौषधीच्या दुकानात स्वस्तात मिळतो, पाठीची कडक बाजू खरवडून काढायची आणि तुकडा पाण्यात टाकून द्यायचा, तिला लागेल तसा ती कुरतडते. पेट शॉपमध्ये हाच परदेशी पाकिटात घालून चौपट किमतीला मिळतो. शिवाय ऊन, कॅल्शियम अंगी लागायला. खिडकीच्या काचेतून आलेलं ऊन दिसायला ऊन असतं पण कामाचे यूव्हीबी किरण काच अडवते, तेव्हा रोज सकाळी वीस-तीस मिनिटं थेट ऊन, बाजूला सावली ठेवून, नाहीतर यूव्हीबी ट्यूब, जी सहा महिने ते वर्षाने बदलावी लागते, दिसायला पेटत असली तरी.

अंड्यांचं काय करायचं. नर कधीच नव्हता तर काही नाही होणार त्यातून, मी कढीपत्त्याच्या कुंडीत पुरते. नर असेल तर आधी ठरवा. पिल्लं काढणं तसं अवघड नाही, साठ ते नव्वद दिवस लागतात, आणि नर होणार की मादी हे अंड्याच्या तापमानावर ठरतं, २६ च्या आसपास नर, ३१ च्या वर माद्या. पण एका मादीला वर्षात तीन-चार खेपा, प्रत्येकीत दहा धरा, ती सगळी तीस वर्षं जगणार, कोण सांभाळणार? नको असतील तर पहिल्या चोवीस तासांत डब्यात घालून फ्रीजरमध्ये, मग कुंडीत. कठोर वाटतं पण तळ्यात सोडण्यापेक्षा बरं. आणि ते मोठं कासवही तळ्यात सोडू नका, विसर्जनाच्या घाटावर तर नाहीच. जगातल्या शंभर सगळ्यात उपद्रवी परक्या प्रजातींच्या यादीत हे लाल कानवालं आहे, आपल्या कासवांचं खाणं आणि ऊन खायच्या जागा दोन्ही बळकावतं.

आणि लाल पट्टा नाहीच, पाठीवर पिवळ्या चांदण्या आहेत किंवा पाठ मऊसर आणि पोटाखाली पाय झाकणारी झापडं आहेत, तर ते आपलं देशी कासव आहे आणि ते घरात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे, मग कुणी भेट दिलेलं असो नाहीतर वास्तूसाठी आणलेलं. वनविभागाच्या १९२६ या नंबरवर फोन करा, मातीचं ते बघतील.

मातीत हात घातल्यावर आणि टब धुतल्यावर साबणाने हात धुवा, कासवाच्या अंगावर साल्मोनेला नावाचा पोट बिघडवणारा जंतू असतो, दिसत काही नाही. स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये टबाचं काही धुऊ नका. अमेरिकेत याच कारणावरून १९७५ पासून चार इंचांपेक्षा लहान कासवं पाळायला विकायला बंदी आहे, मुलं तोंडात घालायची म्हणून.

दरवर्षी हे पूर्ण टाळता येईल का असं विचारतात. पूर्ण नाही. जास्त खाऊन सुटलेल्या मादीला अंडी अडकण्याचा त्रास जास्त होतो, म्हणून डॉक्टरांनी बंड्याचं खाणं दिवसाआड केलं. पण मी आता टाळायच्या भानगडीत पडत नाही, कॅलेंडरवर तारीख लिहून ठेवते. गेल्या चार वर्षांत बंड्याची अस्वस्थता जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत कधीतरी सुरू झालीये, तेव्हा संक्रांतीच्या आठवड्यात टब खाली काढायचा, माती चाळायची, भिजवायची. तुमच्या कासवाचा महिना वेगळा असेल, घरातला बल्ब आणि हीटर यावरही ते बदलतं, म्हणून पहिल्या वर्षी तारखा लिहा.

आणि पहिली खेप झाली की टब लगेच आवरू नका, ही चूक मी चौथ्या वर्षीही केली. दोन-चार आठवड्यांनी दुसरी खेप येऊ शकते आणि परत काचेवर धडका सुरू होतात. यंदा सात तारखेला बंड्याने आठ अंडी घातली, दुसऱ्या दिवशी हावरटासारखी खाल्ली, आणि कालपासून परत पेलेट्सकडे पाठ फिरवलीये. टब गॅलरीत तसाच आहे, आज सकाळी फक्त तांब्याभर पाणी शिंपडून लाडू वळून बघितला.